काडी कोणाची, गंजी कोणाची

माझे एक काका अकोल्याकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब ठेवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्या आवारात हुंदडायचो, सरकीच्या ढिगावरून घसरायचो, नाकातोंडात रुईचे तंतू घेऊन घरी यायचो. अशाच एका दुपारी गोदामात जळक्या चिंधीचा वास यायला लागला. धूर नाही, जाळ नाही, नुसता वास. मुकादम रांगेतल्या एकेका गाठीवर तळहात ठेवत गेला आणि एका गाठीपाशी थांबला. चौघांनी ती ओढून उघड्यावर आणली, पट्ट्या तोडल्या, आकड्याने फाडली. आत नारळाएवढा निखारा होता. गाठ बांधून चार दिवस झाले होते आणि बाहेरून तिच्यावर साधा डागसुद्धा नव्हता. काका म्हणाले, “कापूस डूख धरतो रे. सापासारखा.”

पुढचं मला जास्त लख्ख आठवतं. मालकाने एकच प्रश्न विचारला, बिडी कोण ओढत होतं? सगळ्यांच्या नजरा एका हमालाकडे वळल्या. तो बिडी ओढायचा हे खरंच होतं, पण आवारातले सगळेच ओढायचे. त्याची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करून त्याला घालवला. कापसाबरोबर आलेला एखादा खडा जिनच्या दात्यांना घासला तरी ठिणगी उडते आणि ती रुईत दबून गाठीत जाते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण खड्याला कामावरून काढता येत नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उडालं, त्याच्या कारणांची चर्चा वाचताना मला दर वेळी ती गाठ आणि तो हमाल आठवतो. आज या घटनेला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तरी एप्रिल आला की ‘घातपात की अपघात’ हा वाद कुठे ना कुठे निघतोच. माझं म्हणणं असं की हा वाद रंजक आहे, थोडाफार सोडवताही येतो, पण तो आपल्याला चुकीच्या जागी खणायला लावतो.

आधी जहाजात काय होतं ते पाहू. फोर्ट स्टिकिन हे ७,१४२ टनांचं, १९४२ मध्ये कॅनडात बांधलेलं मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची करत १२ एप्रिलला मुंबईला पोचलं. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन सर्वांत नाजूक जातीचा, जरा तापला की संपला असा. शिवाय ३१ पेट्यांमध्ये प्रत्येकी ४ याप्रमाणे सोन्याच्या १२४ विटा. इथपर्यंत युद्धकाळात फारसं विशेष काही नाही. दारूगोळा कुठून तरी कुठे तरी न्यावाच लागतो. विशेष घडलं ते कराचीत. तिथे जहाजात जी जागा मोकळी होती ती भरण्यात आली. कापसाच्या गाठी, वंगण तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड. पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईला पाठवायला तेव्हा बंदी होती, व्यापाऱ्यांचा माल अडून पडला होता आणि समोर मुंबईला निघालेलं जहाज उभं होतं. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथने या मिसळीला हरकत घेतली, ती नोंदवलीही. जळेल किंवा उडेल असं जगातलं जवळजवळ सगळं आपल्या जहाजात आहे, अशा अर्थाचं तो बोलून गेला. माल चढलाच. एकाच कप्प्यात कापूस आणि स्फोटकं वरखाली रचली गेली.

वऱ्हाडात कापसाच्या ढिगाला गंजी म्हणतात. मी या भरणीलाही गंजीच म्हणणार आहे.

मुंबईत शुक्रवारी १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यात आग असल्याचं लक्षात आलं. बंब आले, पाणी सुरू झालं. जवळजवळ दोन तासांत ९०० टनांहून अधिक पाणी त्या जहाजात ओतलं गेलं आणि तरी आग नेमकी कुठे आहे हे धुरामुळे कोणाला दिसेना. आत साचलेलं पाणी उकळत होतं. तीन पन्नासला जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर दोन्हींची नोंद झाली. १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्यालाही हादरा नोंदला गेला. शेजारच्या धक्क्यावरचं सिंधिया कंपनीचं ‘जलपद्मा’, जवळपास चार हजार टनांचं जहाज, उचललं जाऊन धक्क्यावर आपटलं. पेटत्या गाठी आकाशातून वस्त्यांवर पडल्या. सोन्याची एक वीट मैलभर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, ही त्या दिवसाची सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट. आपल्याला अशाच गोष्टी लक्षात राहतात.

आता कारणं. मुंबईकरांच्या तोंडी असलेलं पहिलं कारण म्हणजे जपानी. त्या संध्याकाळी शहर सोडून पळालेल्या लोकांना जपानचं विमान येऊन गेलं असंच वाटत होतं. नंतर विमानाची जागा हेराने घेतली आणि त्यानंतर हेराची जागा कुणा भूमिगत क्रांतिकारकाने. या समजुतीला आज हसणं सोपं आहे. पण तो महिना कोणता होता? कोहिमा आणि इंफाळच्या लढाया ऐन भरात होत्या. नेमक्या त्याच दिवशी, १४ एप्रिललाच, मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. आपल्याकडे साताऱ्यात नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं. पुण्यात जानेवारी १९४३ मध्ये कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला होता. भाई कोतवालांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं होतं. अशा दिवसांत गोदीत जहाज उडालं तर माणसाच्या मनात काय यावं? घातपाताची शंका वेडगळ नव्हती. ती त्या हवेतच होती.

तिला खतपाणी घातलं ते सरकारने. जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने १५ एप्रिललाच या स्फोटाची सविस्तर बातमी दिली. मुंबईच्या वर्तमानपत्रांना मात्र ती छापायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. म्हणजे अर्धं शहर धुरात होतं, कुलाब्यापासून परळपर्यंत माणसं हादरलेली होती आणि काय झालं ते सांगणारा एकमेव आवाज शत्रूच्या रेडिओचा. सेन्सॉरने गुप्तता राखली म्हणे! कोणापासून? शत्रूला दुसऱ्या दिवशी ठाऊक होतं. अंधारात राहिले ते मस्जिद बंदरचे आणि मांडवीचे लोक, ज्यांची घरं गेली होती. जिथे माहिती पोचत नाही तिथे कथा पोचते, आणि सरकारने महिनाभर मोकळं सोडलेलं ते मैदान कथेने पुढची ऐंशी वर्षं सोडलेलं नाही.

तरी पुरावा काय म्हणतो? ही आग सावकाश लागली. कप्प्यात काम चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत, सुट्टीनंतर, कुठेतरी आत ती धुमसत राहिली आणि दिसली तेव्हा उशीर झाला होता. १,३९५ टन दारूगोळ्याचं जहाज उडवायला निघालेला माणूस कापसाच्या गाठीला आच देऊन दोन तास बंब येण्याची वाट पाहील हे मला पटत नाही. विलंबाने पेटणारी उपकरणं तेव्हा होती, म्हणून अशक्य म्हणणार नाही. पण चौकशी आयोगाला घातपाताचा पुरावा मिळाला नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर भूमिगत चळवळीतल्या लोकांनी आपल्या कामगिऱ्या मोकळेपणाने सांगितल्या, लिहिल्या, त्यांचे सत्कार झाले. त्यात या जहाजावर हक्क सांगणारा कोणी भेटत नाही. ‘आपल्याच पोरांनी इंग्रजांचं जहाज उडवलं’ हे जे अजून अधूनमधून अभिमानाने सांगितलं जातं, ते सांगणाऱ्याने एकदा मृतांकडे पाहावं. गोरे त्यात थोडे होते. बहुतेक गोदी कामगार, बंबवाले, आसपासच्या झोपड्यांतली माणसं. त्यात ५०,००० टनांहून जास्त धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी.

दुसरं कारण आयोगाचं. आयोगाच्या मते आग अपघाताने लागली, बहुधा कप्प्यात कोणीतरी निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटीने. हेच आज बहुतेक ठिकाणी शेवटचा शब्द म्हणून छापलं जातं.

सिगारेट असू शकेल. उकाड्याचे दिवस, कोंदट कप्पा, जेवणाची सुट्टी. माणसं ओढत असणारच. पण हा निष्कर्ष किती सोयीचा आहे तेही बघा. ज्याने सिगारेट टाकली असेल तो बहुधा त्याच दुपारी मेला. त्याचं नाव नाही, साक्ष नाही, वकील नाही. तो साहेब नव्हता, कंत्राटदार नव्हता, कराचीत मालाच्या यादीवर सही करणारा नव्हता. साखळीतल्या सर्वांत खालच्या माणसाच्या हातातून गळून पडलेलं थोटूक. आमच्या जिनिंगमधला हमालच.

शिवाय तिसरं कारण आहे, आणि कापसाच्या मुलखातला असल्यामुळे मला ते जितकं चर्चेत येतं त्यापेक्षा जास्त वजनदार वाटतं. कापूस आपण होऊन तापतो, विशेषतः तेल लागलं असेल तर. काही तेलांचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते. उघड्यावर ती उडून जाते, दाबून बांधलेल्या गाठीत अडकते. तेलकट चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नये असं कोणत्याही गॅरेजवाल्याला माहीत असतं ते याच कारणाने. आणि फोर्ट स्टिकिनमध्ये कापसाच्या सोबतीला वंगण तेलाची पिंपं होती. किंवा एवढंही नको. ठिणगी कराचीलाच, किंवा त्याही आधी सिंधमधल्या एखाद्या जिनिंगमध्ये गाठीत शिरली असेल आणि समुद्रावरचे दिवस डूख धरून बसली असेल. गाठीत धुमसत राहायला पुरेशी हवा असते, पण ती इतकी घट्ट असते की विझवायला पाणी आत जात नाही. कच्च्या रुईला निसर्गतः मेणाचा लेप असतो, पाणी वरून ओघळून जातं. त्यात कापूस तरंगतो. कप्प्यात पाणी जसजसं चढतं तसतशा खालच्या गाठी सुटून वर येऊ बघतात, निखाऱ्यासकट. ९०० टन पाणी ओतणाऱ्या बंबवाल्यांनी काही चुकीचं केलं असं नव्हे. आगीला पाणी मारणं हे त्यांचं काम. पण त्या गंजीची रचनाच अशी होती की योग्य उपायसुद्धा घाताकडे नेणारा ठरावा.

या तिन्हींतलं खरं कोणतं? मला विचाराल तर घातपात जवळजवळ नाही, सिगारेट आणि आपोआप तापणं यांत निवडायला पुराव्याचा आधारच उरलेला नाही, कारण पुरावा होता तो कप्पाच वाफ झाला. इथे मी थांबतो. आणि इथे थांबल्याने काही बिघडत नाही, हाच माझा मुद्दा आहे. सिगारेट काढून टाका आणि तिथे तापलेली गाठ ठेवा, घसरलेल्या आकड्याची ठिणगी ठेवा, जपानी हेर ठेवा. परिणाम तोच. याउलट, स्फोटकांशेजारचा कापूस काढून टाका. सिगारेट पडेल, थोटूक लाकडी फळीवर काळा डाग पाडून विझेल आणि त्या दिवसाची कोणाला आठवणही राहणार नाही.

हे मुंबईपुरतं नाही. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका फुटली, २६० हून अधिक खलाशी गेले. अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळाने निकाल दिला की बाहेरून सुरुंग लागला. सुरुंग कोणाचा ते मंडळाने सांगितलं नाही. ते काम वर्तमानपत्रांनी केलं. स्पेन! दोन महिन्यांत युद्ध सुरू झालं, आणि ते संपेपर्यंत क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स स्पेनच्या हातून गेले होते. १९११ मध्ये सांगाडा वर काढून पुन्हा चौकशी झाली, पुन्हा सुरुंगच. मग १९७६ मध्ये अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जाणकारांकडून सगळे कागद आणि छायाचित्रं तपासून घेतली आणि निष्कर्ष काढला की बहुधा कोळशाच्या कोठारात आपोआप आग लागली आणि पलीकडच्या दारूच्या कोठीला तिची आच पोचली. मध्ये होता एक लोखंडी पडदा. कोळसा धुमसतो हे त्या काळच्या प्रत्येक नौदलाला माहीत होतं, तरी कोळसा आणि दारू एकमेकांना चिकटून ठेवलेली. रिकोव्हरांचा निष्कर्षही सर्वांना मान्य नाही, नंतरही वाद झाले. पण त्यातला एक भाग वादातीत आहे: काय कशाच्या शेजारी होतं.

६ डिसेंबर १९१७ ला कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात ‘मॉं ब्लां’ हे स्फोटकांनी भरलेलं फ्रेंच जहाज ‘इमो’ या नॉर्वेजियन जहाजाला धडकलं, पेटलं आणि उडालं. १,८०० च्या आसपास माणसं गेली. लोकांनी लगेच जर्मन शोधायला सुरुवात केली. गावात राहणाऱ्या जर्मनांना पकडलं, ‘इमो’च्या सुकाणूवाल्याला हेर समजून अटक केली. मग गुन्हा कप्तान आणि वाटाड्यावर आला, तोही टिकला नाही. पाणबुड्यांच्या भीतीने त्या जहाजावर धोक्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. सव्वीस वर्षांनी मुंबईत फोर्ट स्टिकिनवरही तो नव्हता. शेजारच्या जहाजांवरच्या माणसांना आपण कशाच्या बाजूला उभे आहोत हे कळायचा मार्गच नव्हता. हॅलिफॅक्सच्या लोकांनी शत्रू शोधण्याऐवजी बावट्याचा विचार केला असता, आणि तो जगभरच्या बंदरांनी ऐकला असता, तर... पण असो.

कारणमीमांसेत ठिणगी आपल्याला एवढी का आवडते? माझ्या मते तिला चेहरा असतो म्हणून. हेर, मद्यपी खलाशी, बिडी ओढणारा हमाल. गोष्टीला माणूस लागतो. गंजीला चेहरा नसतो. ती कागदांनी रचलेली असते. रेल्वेवरची बंदी एका खात्याची. रिकामी जागा भरण्याचा आग्रह दुसऱ्याचा. स्फोटकांची जहाजं थेट गोदीत न आणता बाहेर समुद्रात उतरवून घ्यावीत, हा शांततेच्या काळातला शहाणपणा युद्धाच्या घाईत बाजूला ठेवण्याचा निर्णय आणखी कोणाचा. प्रत्येक निर्णय आपापल्या टेबलावर समजण्यासारखा, कदाचित अपरिहार्यही. एकत्र आले ते सर्व एका कप्प्यात. आणि त्या दुपारी जहाजाचं काय करायचं, तिथेच बुडवून तळाला टेकवायचं, ओढून बाहेर न्यायचं की पाणीच मारत राहायचं, यावर शेवटचा शब्द कोणाचा हेच ठरेना. धक्क्यापाशी पाणी इतकं खोल नव्हतं की जहाज पूर्ण बुडेल; बाहेर न्यायचं तर गोदीच्या दारातच उडालं तर काय. वेळ गेला. जहाजाचा कप्तान, ज्याने कराचीत हरकत नोंदवली होती, तोही त्या स्फोटात गेला.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. ठिणगी शोधायचीच नाही का? उद्या खरंच कोणी मुद्दाम आग लावली तर ‘रचना चुकीची होती’ म्हणून त्याला सोडायचं? अजिबात नाही. गुन्हा असेल तर गुन्हेगार हवाच. पोलिसांनी तो शोधावा, न्यायालयाने शिक्षा द्यावी. गंजीची भाषा हीसुद्धा पळवाट होऊ शकते हे मला मान्य आहे. ‘व्यवस्था जबाबदार’ म्हटलं की कोणीच जबाबदार राहत नाही, हा अनुभव आपल्याला काही नवीन नाही. म्हणून मी व्यवस्था हा शब्द टाळतो आहे. गंजी कोणीतरी रचते. मालाच्या यादीवर सही असते. परवानगीच्या कागदाला क्रमांक असतो. हरकत फेटाळणाऱ्याचं पद असतं. ठिणगी टाकणारा बहुतेक वेळा मरतो किंवा सापडत नाही. सही करणारा मात्र दप्तरात कायम सापडतो. त्याला शोधणं उलट सोपं असतं, फक्त कोणी शोधायला हवं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सिगारेटची जागा शॉर्ट सर्किटने घेतली आहे. कुठेही आग लागो, अजून धूर निवलेला नसतो आणि ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्ट सर्किट’ हे वाक्य आलेलं असतं. सिगारेटपेक्षा हे जास्त सोयीचं, कारण त्यात हमालसुद्धा लागत नाही. दोषी आहे ती वायर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्यात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हाही काही तासांत आपण सगळे वायरीबद्दल बोलत होतो. वायर जळते, यंत्रं कधी ना कधी बिघडतात. जिथे स्वतः उठून पळू न शकणारी माणसं झोपलेली आहेत तिथे धूर ओळखणारं, पाणी सोडणारं काय होतं, ते कोणी तपासलं होतं, न तपासताच कोणी पुढे सरकवलं होतं, हे प्रश्न ठिणगीच्या मागे रांगेत उभे राहतात आणि त्यांचा नंबर येईपर्यंत दुसरीकडे आग लागलेली असते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, माणसं गेली, चौकशा झाल्या, कारखाने हलवण्याची भाषा झाली. मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट, पुन्हा मृत्यू, पुन्हा तीच भाषा. दोन्हींची ठिणगी वेगळी असेल. रसायनांच्या भट्ट्या आणि माणसांच्या खिडक्या यांच्यातलं अंतर तेच होतं.

बैरूतला ४ ऑगस्ट २०२० रोजी बंदरातला २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटला, दोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा जगभर वेल्डिंगची ठिणगी, फटाके, इस्रायल अशी कारणं तासाभरात फिरू लागली. तो साठा २०१३ पासून तिथे अडकून पडलेला होता आणि त्याबद्दलची पत्रं कार्यालयांमधून फिरत होती. लेबनॉनमध्ये चौकशी करणारे न्यायाधीश तारेक बितार यांची वाट जेव्हा राजकारण्यांनी अडवली, तेव्हा ती वेल्डिंगवाल्याच्या शोधात असताना अडवली नाही. पत्रं कोणाच्या टेबलावर होती हे विचारायला लागल्यावर अडवली.

म्हणून मला हवं आहे ते इतकंच: अशा प्रत्येक घटनेच्या चौकशीत दोन वेगळी प्रकरणं असावीत, दोन वेगळ्या मुदतींची. पहिलं ठिणगीचं, ते मिळालं तर मिळालं. दुसरं गंजीचं: काय कशाच्या शेजारी होतं, कोणत्या नियमाविरुद्ध होतं, त्या नियमाला सूट कोणी दिली, हरकत कोणी नोंदवली आणि ती कोणी बाजूला सारली. हे दुसरं प्रकरण ठिणगीसाठी अडून राहू नये, आणि ते लोकांना वाचायला मिळावं. समुद्रावर निदान तत्त्व म्हणून हे मान्य झालेलं आहे. १९६५ पासून धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि कशाशेजारी काय ठेवायचं नाही याचा चौकटीचौकटीचा तक्ता तिच्यात असतो. त्या तक्त्याला ठिणगीशी देणंघेणं नाही. ठिणगी येणार हे तो धरूनच चालतो. जमिनीवरच्या आमच्या गोदामांना, रुग्णालयांना, कारखान्यांना हे धरून चालायला काय हरकत आहे?

फोर्ट स्टिकिनच्या बाबतीत सरकारने जबाबदारी घेतली, दावा करणाऱ्यांना भरपाई दिली, हे न्यायाने सांगायला हवं. आठ हजार माणसांनी सात महिने खपून सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसला आणि गोदी पुन्हा उभी केली. आगीत गेलेल्या ६६ बंबवाल्यांच्या नावाने दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. शाळांमधून मुलांना सांगितलं जातं की आगपेटीशी खेळू नये. म्हणजे पुन्हा काडीच.

बंदरातला गाळ मात्र अजून उपसला जातो. त्यात सोन्याच्या विटा निघत राहिल्या, अगदी फेब्रुवारी २०११ पर्यंत. निघेल ती सरकारजमा झाली आणि १२४ पैकी जवळजवळ सगळ्या हिशेबाला लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ४५ किलोचा एक जिवंत तोफगोळाही वर आला. त्या दिवशी मेलेल्या माणसांचा आकडा काही ठिकाणी ८०० आहे, काही ठिकाणी १,३००.